चौथ्या हाकेनंतर

सहा वाजायला सात मिनिटं असताना ताई पाणीपुरवठ्याच्या जुन्या टाकीच्या पायऱ्यांवर येऊन बसली. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही, पिशवीत पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा. डबा कशाला आणलास असं कुणी विचारलं असतं, तर पेन्सिली ठेवायला, असं तिने ठोकून दिलं असतं. खरं कारण तिने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

समोर बोरूचं बन होतं. रुंदी साठ-सत्तर पावलं, पाणी गुडघाभर. गेल्या वर्षीचे वाळके दांडे अजून उभे होते आणि त्यांच्या पायाशी वसंतातले नवे कोंब वीतभर वर आले होते. पलीकडच्या काठावर, पाइपांच्या पुलापाशी, धाकटी बसली होती. तिची पिवळी टोपी तेवढी दिसत होती. लाजाळू पक्षी बघायला पिवळीधमक टोपी घालून येणारी बाई उभ्या जगात एकच असेल, आणि ती नेमकी आपली सख्खी बहीण असावी, याचं ताईला रोज नव्याने नवल वाटे. एरवी तिने ते ओरडून सांगितलंही असतं. पण दोघींचं बोलणं बंद होऊन आठ महिने झाले होते.

उद्या सकाळी सहाला यंत्र येणार होतं. बन कापायचं, गाळ उपसायचा आणि तिथे सिमेंटची नवी टाकी बांधायची, असं ठरलं होतं. थांबवायची वाट एकच होती. विणीच्या दिवसांत लाजऱ्या इथे आहे असं दोन माणसांनी, दोन काठांवरून, एकाच संध्याकाळी, निदान तीन हाका ऐकून लिहून द्यायचं. मग काम सहा आठवडे थांबणार होतं आणि वरची माणसं पाहणीला येणार होती. अकरा संध्याकाळी दोघी येऊन बसल्या होत्या आणि अकरा वेळा कागद कोरा परत गेला होता. आजची बारावी, आणि शेवटची.

लाजऱ्या हे त्यांच्या घरातलं नाव. पुस्तकातलं नाव लांबलचक होतं आणि ते अप्पांखेरीज कुणाला धड म्हणता यायचं नाही. तपकिरी, दीड मुठीएवढा पक्षी. दांड्यांच्या बुडाशी वावरणारा, दिसायचा जवळजवळ नाहीच. चाळीस वर्षांत दोघी बहिणींनी मिळून त्याला दोनदा पाहिलं होतं आणि त्यातल्या एकदा तो उंदीर होता असं अप्पांचं मत पडलं. पण वसंतात, दिवस मावळताना, तो हाक द्यायचा. आधी दोन टिचक्या आणि मग जुन्या घड्याळाला किल्ली द्यावी तशी लांब कुरकुर. एकदा ऐकली की विसरायची सोय नाही.

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. चौतीस वर्षं याच पंपघरात पंप चालवले. पाळी संपली की याच पायऱ्यांवर बसून पक्षी मोजायचे. बनाची नोंदवही त्यांचीच, आणि मोजणीचे नियमही त्यांनीच घालून दिलेले. मोजणीच्या कागदावर आजही त्यांच्या हस्ताक्षराची नक्कल छापलेली असे. शेवटची ओळ होती: 'मी कोणताही आवाज वाजवून पक्षी बोलावलेला नाही.' त्या ओळीमागे एक गोष्ट होती. फार वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसाने ध्वनिफीत वाजवून लाजऱ्याला बाहेर काढलं. आपल्या जागेत दुसरा नर घुसला असं समजून तो तासभर भांडायला धावत राहिला, आणि तेवढ्यात कावळ्यांनी घरट्यातली अंडी नेली. त्या दिवसापासून अप्पांच्या लेखी आवाज वाजवणारा माणूस माणसातून उठला.

तेच अप्पा आता रोज संध्याकाळी मुलीला विचारत होते, "बाई, तुम्ही कोण?"

दिवसभर बरे असायचे. उजेड उतरायला लागला की बिनसायचं. बूट चढवायचे, डबा मागायचे, पाळी चुकली म्हणून दाराशी झटापट करायचे. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर केसाएवढा फरक पारखणारे तिचे हात संध्याकाळी बापाच्या मनगटांशी झुंजायचे. दंडावर निळे डाग होते, म्हणून उकाड्यातही ती लांब बाह्या घालत होती. गेल्या वसंतात असं नव्हतं. बनाकडे उघडणाऱ्या मागच्या खिडकीतून लाजऱ्याची हाक आली की अप्पा एक बोट वर करून गप्प बसायचे. दुसरी हाक, तिसरी. मग स्वतःच वाकून बूट काढायचे. एकोणतीस संध्याकाळी त्या दीड मुठीच्या पक्ष्याने घर सावरलं होतं. या वसंतात तो आलाच नाही.

तिने एकदा फोनवरून हाक ऐकवून पाहिली होती. अप्पांनी आवाज कुठून येतो ते शोधलं, फोन पाहिला आणि एका फटक्यात भिंतीवर भिरकावला. सगळं विसरलेल्या माणसाला तेवढा नियम मात्र आठवत होता.

"त्यांना आता संस्थेत ठेवायला हवं," असं धाकटी आठ महिन्यांपूर्वी म्हणाली होती. ताईने त्यावर जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून धाकटी दर रविवारी येऊन अप्पांची दाढी करायची, औषधं ठेवायची आणि फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून निघून जायची. 'लाल गोळ्या संपत आल्यात.' त्याखाली ताई लिहायची, 'माहीत आहे.' एवढाच काय तो दोघींचा संवाद. आणि आता ताईचेही हात टेकले होते. बन गेलं की पक्षी गेला, पक्षी गेला की अप्पा घरात राहत नाहीत, आणि मग धाकटीचंच खरं. हे गणित ती रात्रंदिवस घोकत होती.

सहा वाजले. वटवट्यांनी दांड्यांत गोंधळ घातला होता. दोन पाणकोंबड्या भांडत भांडत निघून गेल्या. खंड्या पाइपावर बसला, त्याने एक मासा पकडला आणि चार वेळा आपटला. ताईने सगळं वहीत लिहिलं, सवयीने. आज यातल्या कशाचाच उपयोग नव्हता.

सव्वासहा. पंपघराच्या दारात पाणीखात्याचा कनिष्ठ अभियंता येऊन उभा राहिला आणि घड्याळाकडे बघून आत गेला. माणूस भला होता. रोज सातपर्यंत थांबायचा आणि रोज कोरा कागद घडी घालून खिशात ठेवताना त्याचाच चेहरा उतरायचा.

सहा पंचवीस. पाण्यावरचा उजेड पिवळ्याचा तांबूस झाला. घरी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी अप्पांपाशी बसल्या होत्या. त्या साडेसातपर्यंतच थांबणार होत्या, आणि एव्हाना अप्पांनी बूट मागायला सुरुवात केली असणार.

'ये रे बाबा,' ताई मनात म्हणाली. 'एकदा ये. तीनच हाका दे आणि मग हवं तिथे जा.'

कुणीही आलं नाही. तेव्हा तिने डबा काढला, फोन आत ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि डब्याचं तोंड पाण्याकडे करून बटण दाबलं.

ही ध्वनिफीत अप्पांनीच केलेली होती. नियमाआधीची, कॅसेटवरची. पुढे धाकटीने ती दोघींच्या फोनमध्ये घालून घेतली होती. तीत चार हाका होत्या आणि चौथ्या हाकेनंतर, अगदी जवळून, अप्पांचा खोकला. थंडीत ओणवं बसून महत्प्रयासाने दाबलेला, तरी निसटलेला. लहानपणी दोघी त्यावर पोट धरून हसायच्या. आता ताई तो खोकला ऐकू शकत नसे. त्या आवाजातले अप्पा शाबूत होते. ती नेहमी तिसऱ्या हाकेला बंद करायची. आजही तिसऱ्यालाच बंद केलं.

तिला स्वतःची शिसारी आली. चोरी करताना होत असेल तसं होऊन तिने आजूबाजूला पाहिलं. पाण्यावर तिच्या डब्यातल्या हाका विरल्या आणि वटवटेसुद्धा गप्प झाले.

एक मिनिट. दोन. चार.

आणि पलीकडून, पुलाच्या बाजूच्या दाट बोरूतून, दोन टिचक्या आल्या. मग ती किल्ली दिल्यासारखी लांब कुरकुर.

पुन्हा आली. दोन हाका! वेळ लिहिताना तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने दुसरी पेन्सिल काढली आणि सहा तेहतीस असं लिहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तो होता. महिनाभर नुसता रुसून बसला होता, लबाड. आता अप्पा घरात राहणार होते. उद्या खिडकी उघडली की ते बोट वर करणार होते.

पण हाका दोनच झाल्या होत्या, तीन हव्या होत्या. शिवाय धाकटीने ऐकल्या की नाही कोण जाणे, ती लहानपणापासून अर्ध्या कानाची. एकदा मोडलेला नियम दुसऱ्यांदा मोडायला फारसं काही लागत नाही. ताईने पुन्हा डबा उचलला, पुन्हा तीन हाका वाजवल्या आणि बंद केलं. पलीकडे पिवळी टोपी ताडकन उठून उभी राहिलेली तिने पाहिली. म्हणजे ऐकू आलं होतं. आता त्याने उत्तर दिलं की काम झालं.

त्याने उत्तर दिलं. एक हाक. दोन. तीन. ताईने वहीत तिसरी रेघ ओढली आणि वही छातीशी धरली. चौथी हाक आली.

आणि चौथ्या हाकेनंतर अप्पा खोकले.

शांत पाण्यावरून तो खोकला स्पष्ट आला, पक्ष्यापेक्षाही स्पष्ट. ताई पायरीवर बसून राहिली. धाकटीने वाजवलं होतं. पुलापाशी बसून तीही तेच करत होती. आणि धाकटीला आलेलं उत्तर म्हणजे बिस्किटाचा डबा. दोन बहिणी पाव तास एकमेकींना पक्षी म्हणून हाका मारत बसल्या होत्या. बनात लाजऱ्या नव्हता. या वर्षी तो आलाच नव्हता.

ताई पंपघराशी पोचली तेव्हा धाकटी आधीच तिथे होती, धापा टाकत. टोपी हातात, बूट चिखलाने भरलेले. टेबलावर कागद होता आणि अभियंता स्वतःचं पेन पुढे करून उभा होता.

"ऐकू आला ना? दोघींनाही?" तो म्हणाला. "माझ्या सहीने काम सुरू झालेली पुष्कळ पाहिलीत. थांबणारं हे पहिलंच. करा, सही करा."

धाकटीने पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि शेवटच्या ओळीपाशी तिचा हात अडला. तिने ताईचा दंड धरून तिला दाराबाहेर ओढलं. नेमका निळ्या डागावर हात पडला.

"ताई," धाकटी म्हणाली. आठ महिन्यांनी. "ओरडू नकोस. मी वाजवलं. दोनदाच. मला राहवलं नाही गं. पण त्याने उत्तर दिलं! आधी वाटलं भास झाला, म्हणून मी दोनच हाका वाजवल्या. मग पुन्हा आला तो, तीन वेळा, टाकीच्या बाजूने, तुझ्या अगदी जवळून. मी वाजवलं ते खोटं, पण त्याचं उत्तर तर खरं आहे ना?"

नुसती मान हलवायची होती. एकदा, वरून खाली. ताईने हलवली.

"मी चुकले," धाकटी म्हणाली आणि रडायला लागली. "अप्पांना कुठेही न्यायचं नाही. मी रोज येईन संध्याकाळी. तू एकटी सगळं ओढत होतीस आणि मी चिठ्ठ्या चिकटवत होते."

आठ महिने ताईला जे ऐकायचं होतं ते हेच, शब्दासकट. ती आत गेली आणि तिने सही केली. स्वच्छ, तिरकी, शाळेतल्यासारखी. शेजारी धाकटीने केली आणि नाक पुसत, रडता रडता हसली.

"त्या खोकल्याने मात्र घात केला असता हं," ती हळूच ताईच्या कानाशी म्हणाली. "दुसऱ्या वेळी बंद करायला विसरले आणि अप्पा ठसकले की नाही! वाटलं, संपलं, उठला पक्षी. तू ऐकलास का गं?"

"ऐकला," ताई म्हणाली.

तिलाही हसू आलं. ते थांबेना, आणि बघता बघता त्याचं रडं झालं. टेबलाची कड धरून ती रडत राहिली. अभियंता खुर्ची पुढे करू लागला. धाकटी पाठीवर हात फिरवत राहिली आणि मग तिचा हात थांबला.

"ताई. टाकीच्या बाजूने तीनच हाका आल्या. दोन्ही वेळा तीनच."

"मी नेहमी तिसऱ्यालाच बंद करते," ताई म्हणाली.

पंपाची घरघर तेवढी चालू होती. धाकटीने टोपी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

अभियंत्याला सगळं कळलं असावं. तो खिडकीशी गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून म्हणाला, "पंपाच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही. सह्या झाल्यात. शिक्का मारायचा तेवढा राहिलाय. बोला."

धाकटीने ताईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत 'मार म्हण' असंच होतं. ताईलाही तेच म्हणायचं होतं, खोटं कशाला बोला. तिने कागद जवळ ओढला. अप्पांचं हस्ताक्षर होतं, 'व'ला उगाच मोठं पोट देणारं. 'मी कोणताही आवाज वाजवून.' बापाला रोज 'हो, तुमची पाळी उद्या आहे' असं बिनदिक्कत सांगणारी ती बाई. पण त्या अक्षरांखाली खोटं ठेववेना. तिने पट्टी मागितली आणि आपल्या सहीवर सरळ रेघ मारली. मग पेन धाकटीला दिलं.

धाकटीने बराच वेळ घेतला. तिची रेघ वाकडी आली.

"नाही आला असं लिहा," ताई म्हणाली.

"सहाला येतील उद्या," अभियंता म्हणाला. मग त्याने दोघींना टॉर्च देऊ केला. अजून उजेड होता.

घराच्या जिन्यातच ओरडणं ऐकू आलं. मावशी दाराला पाठ लावून उभ्या होत्या, केस सुटलेले. "दोघी आलात, बरं झालं बाई," म्हणून त्या निघाल्याच. अप्पा समोर होते. एका पायात बूट, दुसरा हातात.

"दार उघडा. पंप बंद पडेल. माझी पाळी आहे!"

"अप्पा, बसा ना."

"तुम्ही कोण? दार उघडा म्हणतो ना!"

ताईने त्यांची मनगटं धरली. एक हात सुटला आणि बूट तिच्या खांद्यावर बसला. धाकटी भिंतीशी खिळून राहिली. तिने संध्याकाळ अशी कधी पाहिलीच नव्हती. ती रविवारी सकाळी येणारी. ताईची बाही वर सरकली आणि धाकटीला ते निळे डाग दिसले, जुने आणि नवे.

ती वळली आणि जिना उतरून गेली.

'गेली,' ताईला वाटलं. 'पळाली. पळणारच.' कसंबसं तिने अप्पांना मागच्या खिडकीशी आणलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या गुडघ्यांवर वजन टाकून खाली बसली. बाहेर बन काळपट व्हायला लागलं होतं. अप्पा तिचे खांदे ढकलत होते. उद्या या वेळी खिडकीबाहेर चिखल असणार होता आणि परवा कुठल्यातरी संस्थेत फोन करावा लागणार होता. तिच्या अंगात आता काहीही उरलं नव्हतं.

तेव्हा खालून, बोरूच्या कडेने, दोन टिचक्या आल्या. मग लांब कुरकुर.

अप्पांचे हात थांबले.

ताईने हळूच मान वर करून खाली पाहिलं. पिवळी टोपी दिसत नव्हती. काढून ठेवली होती, अखेर. एकटीने हे कधीच जमलं नसतं. वर एक हवी आणि खाली एक हवी.

दुसरी हाक आली. अप्पांनी एक बोट वर केलं. तिसरी आली. त्यांचा चेहरा निवळला, खांदे खाली आले. ताई मनातल्या मनात ओरडली, 'बंद कर, आता बंद कर,' पण धाकटीला सवयच नव्हती.

चौथी हाक झाली आणि खाली अंधारत्या बोरूत अप्पा खोकले.

खिडकीतल्या अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण आहे तो?"

"कुणीतरी आहे, अप्पा. पक्षी मोजणारा."

"त्याला सांगा, बाई. इतक्या जवळ जाऊन खोकायचं नसतं." त्यांनी वाकून पायातला बूट काढला आणि दुसऱ्याशेजारी नीट लावून ठेवला. "चांगला होता हो पक्षी. घालवला त्याने. आता तो परत यायचा नाही."

"सांगते," ताई म्हणाली, आणि खिडकी उघडीच ठेवून त्यांचा हात धरून बसली.